अजेयचं कपाट

"वहिनी, राग मानू नका," विलास म्हणाला, "पण ही तीन पुस्तकं मुलांच्या कपाटात नाय चालायची."

त्याने ती टेबलाच्या मधोमध ठेवली. नवी कोरी होती. उघडली की शाईचा वास येत होता. एकात शाळेतले दोन मुलगे होते, एकमेकांवर जीव जडलेले. दुसऱ्यात दोन मुली. तिसऱ्यात एक मुलगा आईला सांगू की नको, एवढाच विचार शेवटच्या पानापर्यंत करत राहतो.

उमाने तिन्ही वाचली होती. समोरच्या चहावर साय धरत होती, तिकडे ती बघत राहिली. आयुष्यभर तिने शाळेत विज्ञान शिकवलं होतं. बघत राहण्याची सवय होती.

कर्जतच्या त्या वाचनालयाची कार्यकारिणी दुपारची याच एका विषयासाठी बसली होती. अध्यक्षांच्या खुर्चीत अप्पा, उमाचे यजमान. विलास जवळच्या पोशीर गावचा, भाताच्या गिरणीचा मालक. ग्रंथपाल हर्षला दाराशी उभी होती.

"नाही चालायची म्हणजे?" हर्षलाने विचारलं.

"म्हणजे आमच्या पोशीरची पोरं इथं वाचायला येतात. उद्या कुणाचा बाप गिरणीवर येऊन म्हणाला, हे काय शिकवतोस रं पोरांना, तर मी काय तोंड दाखवू?"

"तुम्ही गिरणीत बसून खुनाच्या कादंबऱ्या वाचता. अजून कुणाला मारलं नाहीत."

विलास हसला. "तुझ्या तोंडाला कोण लागणार गं." मग तो अप्पांकडे वळला. "तुमीच सांगा, अप्पा. हे वय हाय का असलं वाचायचं?"

अप्पांनी चष्मा काढून पुसला.

"एक मुलगी येते," हर्षला म्हणाली. "पुस्तक घरी नेत नाही. कपाटाशी उभी राहून वाचते, पान लक्षात ठेवते आणि जाते. काल आली तेव्हा पुस्तक जागेवर नव्हतं, तुम्ही काढून घेतलं होतं. मला तिने विचारलंसुद्धा नाही. तशीच गेली."

"कुणाची मुलगी?" विलासने विचारलं.

"हे असं विचारतील म्हणूनच ती घरी नेत नाही."

विलासने कपाटाकडे पाहिलं.

कपाट भिंतीशी होतं. काचेची दारं, वर पितळी पाटी. अजेयचं कपाट. अजेय हा उमा आणि अप्पांचा एकुलता एक मुलगा. चार वर्षांपूर्वी अप्पांनी गावाला सांगितलं, जर्मनीत गाडीला अपघात झाला, देह तिकडेच राहिला. तेराव्याला अख्खी आळी जेवून गेली. उमा वाढत होती आणि तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. धक्का बसलाय, बायका म्हणाल्या. रडायला हवी, नाहीतर आतल्या आत कुढेल. ती अजून रडली नव्हती. हार घातलेला फोटोही तिने घरात लावू दिला नव्हता.

यंदा तिने वाचनालयाला मुलांसाठी हे कपाट दिलं, पुस्तकांसकट. गेलेल्या माणसाच्या नावाने आलेलं कपाट आहे तसं ठेवायचं, घरच्यांच्या संमतीशिवाय त्यातलं पुस्तक हलवायचं नाही, असा तिथला नियम होता. तो अप्पांनीच कधीकाळी केला होता.

"पाटीवर कैलासवासी घालायचं राहिलंय," विलास म्हणाला.

"जागा नव्हती," उमा म्हणाली.

"वहिनी, अजेय माझ्या डोळ्यांदेखत वाढला. त्याच्या नावाला कुणी बोट लावू नये म्हणून सांगतो. बाकीची पुस्तकं असू देत. ही तीन तेवढी काढू. तुमी दोघं हो म्हणा, विषय संपला."

"त्याने निवडलेली आहेत."

"ते हाय. पण आता गेलेल्या माणसाला विचारायला कुठं जायचं?"

उमाने कप बाजूला सारला. तिला आत काहीच जाणवत नव्हतं. फार वेळ बर्फात धरलेला हात जसा आपला वाटेनासा होतो, तसं. ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, तुम्ही सांगा. अजेयबद्दल जे काय आहे ते आज सगळ्यांसमोर तुम्हीच सांगा. नाहीतर मी सांगते."

पंखा फिरत होता. अप्पांनी चष्मा चढवला, परत काढला. विलासने मान खाली घातली. हर्षलाने पुढे येऊन पाण्याचा ग्लास अप्पांपुढे सरकवला.

"राहू देत," अप्पा म्हणाले. "तिन्ही राहू देत. काढायला वडिलांची संमती नाही, असं लिही, हर्षला."

विलास उठला. पुस्तकं त्यानेच उचलली आणि कपाटात जागच्या जागी लावली. "बापाचं काळीज हाय," दाराशी तो हर्षलाला हळू आवाजात म्हणाला. "आता मी काय बोलणार."

निघताना उमाने मोबाइलवर कपाटाचा फोटो काढला. पाटी नीट वाचता येते ना, ते मोठं करून पाहिलं आणि पाठवून दिला.

घरापर्यंत दोघं चालत आली. अप्पांनी पाय धुतले आणि खुर्चीत बसले. उमाने देवापाशी दिवा लावला. तेवढ्यात तिचा फोन थरथरला.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले.

अप्पा तिच्याकडे बघत होते. "कुणाचा?" त्यांनी विचारलं. हेही चार वर्षांत पहिल्यांदाच.

"अजेयचा," उमा म्हणाली. "विचारतोय, कपाट बघायला आलो तर चालेल का, की अप्पांना पुन्हा एकदा माझं तेरावं घालावं लागेल."