लाल लिटमस

भट्टीच्या धुरातलं आम्ल मारण्यासाठी धुराड्याआधी त्यात कोरड्या चुन्याची पूड फवारली जायची. तीन दिवस फवारा चालू होता, तरी आम्लाचा आकडा उतरेना. प्रयोगशाळेतल्या बाईंनी नवं पोतं फाडलं, चमचाभर पूड पाण्यात ढवळली आणि लाल लिटमस कागद बुडवला. चुन्याने तो निळा व्हायला हवा होता, लालच राहिला. पोती पुरवणारा त्यांचा धाकटा दीर समोरच होता. "वहिनी, घरचा माल आहे. सही करून टाका." "भावोजी, हा चुना नाही, दगडाची भुकटी आहे." "मला उघडं पाडलंत, तर दादाला काय तोंड दाखवाल?" "तुमचे दादा याच धुराड्याखाली राबतात. तीन दिवस खोकून खोकून त्यांना धड बोलताही येत नाही." बाईंनी भट्टी बंद करायला सांगितलं. दिराने फाडलेलं पोतं उचलायला घेतलं. "हात लावू नका, पुरावा आहे."