उद्घाटनाची फुंकर

पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीत गणपतीत मुलांचं विज्ञान प्रदर्शन भरतं. मधुसूदनराव चाकणच्या एका इंजिन कंपनीत साहेब, शिवाय सोसायटीचे अध्यक्ष. त्यामुळे लेकीच्या प्रयोगाचं उद्घाटनही त्यांच्याच फुंकरीने.

"गाड्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळला की पाणी आम्लधर्मी होतं आणि शंखशिंपले झिजतात," सुखदाने घडाघडा सांगितलं. "आपल्या श्वासातही तोच वायू असतो. बाबा, नळीतून फुंका."

काचेच्या भांड्यात पाणी होतं आणि तळाशी मुरूडहून आणलेला रिकामा शंख. मधुसूदनरावांनी फुंकलं. शंख तळावरून खरखरत पलीकडच्या काचेला जाऊन चिकटला.

"बुडबुड्यांनी ढकलला," ते म्हणाले.

मग शेजारच्या सलिलने फुंकलं. शंख जागचा हलला नाही. आणखी दोघांनी फुंकलं, तरी नाही.

"साहेब, तुम्हालाच घाबरतोय राव!" मागून कोणीतरी ओरडलं.

सगळे हसले. लेकीसमोर मधुसूदनरावांचे कान तापले. नळी बाजूला ठेवून ते नुसते बघायला वाकले. शंख काचेवर थडथड आपटू लागला.

आता कोणी हसलं नाही. सुखदाने भांडं उचलून छातीशी धरलं आणि वडिलांकडे न बघता हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही थोडा वेळ श्वास सोडू नका ना."