फिकट गुलाबी

बाबांच्या पायाची जखम रोज परमँगनेटच्या पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर अंगठा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा लेकीला हसूच आलं. अर्धं आयुष्य कंपाउंडरकी केलेल्या माणसाला हे पाणी कोण शिकवणार!

तिनं टबात मोजके जांभळे खडे टाकले. गडद झालं तर कातडी भाजते, पाणी फिकट गुलाबीच हवं, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. या पाण्याचे पेशंट बाबा नेहमी संध्याकाळी बोलवायचे. शाळा सुटून ती दवाखान्यात पोचली, की काचेचा ग्लास खिडकीकडे धरून विचारायचे, "बोला डॉक्टरीणबाई, कसा झालाय रंग?" तिनं "पास!" म्हटल्याशिवाय ते पाणी कुणाच्या जखमेला लागत नसे. कॉलेजात गेली तरी हा खेळ सुटला नाही.

तिचं लग्न झालं आणि त्याच महिन्यात बाबांनी नोकरी सोडली. "लेक गेली आणि ह्यांचं मनच लागेना," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

आज तिनंच ग्लास भरून खिडकीकडे धरला. "बोला कंपाउंडरसाहेब, कसा झालाय रंग?"

बाबांनी ग्लास हातानं तिच्याकडेच वळवला.

"तूच सांग गं बाई," ते हळूच म्हणाले. "मला तो तेव्हाही राखाडीच दिसायचा."