आमदार विटकॉमची प्रार्थना

"तुम्ही माणसं मारलीत, साहेब. आणि पाप गरिबाच्या माथी मारलंत!"

मानवेलने लेखाचं पहिलं वाक्य मोठ्याने वाचून पाहिलं. लॉकडाऊनमुळे डँडेनॉन्गचा रस्ता बाहेर ओस पडला होता.

साहेब म्हणजे आमदार विटकॉम, शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला. लाकडाच्या वखारीत हमाली करत वर आला, तीनदा निवडून गेला. १९१८च्या साथीत जमावबंदीचा कायदा त्यानेच आणला आणि अंगात ताप असताना स्वतःच्या घरी प्रार्थनेला गाव जमवलं. माणसं पटापट गेली. विटकॉमने बोट दाखवलं एका पोलिश हमालाकडे. गावाने त्या पोराला हाकलून दिलं.

"निर्लज्ज मेला!" मानवेल म्हणाला.

थोड्याच वेळात हा लेख इथे परदेशात स्थायिक झालेल्या वसईच्या मंडळींना झूमवर वाचून दाखवायचा होता. शेवटी तो ड्वेनचं नाव घेणार होता.

ड्वेन शेजारच्या लिझाबाईंचा नातू, चिकन फॅक्टरीत शिफ्ट करणारा. मारियामातेच्या सणाला लिझाबाईंकडे खिडक्या लावून, दबक्या आवाजात लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, झालं होतं. सण आहे, क्रुसासमोर लदीन गायल्याशिवाय कसं चालेल? मानवेलच पुढे उभा राहून गायला होता. पंधरवड्यात लिझाबाई कोविडने गेल्या. आरोग्य खात्याचे चौकशीचे फोन आले, तेव्हा लदीनचं नाव कुणीच काढलं नाही.

"ड्वेनची टेस्ट निगेटिव्ह होती," त्याची बायको डोरीन ताट ठेवत म्हणाली. "पोराला तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"तू त्याची वकिली करू नकोस. फॅक्टरीतून त्यानेच आणला. दुसरं कोण?"

त्याने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"किती खारट केलंयस कालवण!"

"नेहमीसारखंच तर आहे."

"नेहमीसारखं? सणाच्या आठवड्यात तर नुसतं पाणी वाढत होतीस."

डोरीन थबकली. त्या आठवड्यात तो रोज मीठ मागायचा, ती रोज घालायची. वेगळ्या राहणाऱ्या मुलाच्या, ल्यूकच्या दारात त्याच कालवणाचा डबा ठेवला, तर पोरगा फोनवर ओरडला होता, "मम, इट्स सो सॉल्टी!"

लॅपटॉपवर एकेक चेहरा उगवू लागला. कोपऱ्यातल्या चौकटीत ड्वेन खाली मान घालून बसला होता.

मानवेलने चष्मा चढवला, घसा साफ केला.

डोरीनने लॅपटॉप फाटकन मिटला.

"मानवेल, लदीन गायला उभा राहिलास तेव्हा तुझ्या जिभेला चव होती का? बोल."