खाकी कागदाची होडी

लेक तान्ही असताना झोपेत तिचा श्वास मध्येच थांबायचा आणि माझा जीव टांगणीला लागायचा. डॉक्टर म्हणाले, "तान्ही बाळं घेतात असा श्वास, काळजी करू नका." त्यांना बोलायला काय जातंय! मी पडलो शिंपी. मशीनच्या खडखडाटात तिचा श्वास कुठला ऐकू यायला? मग मापं काढायच्या खाकी कागदाची एक होडी केली आणि मशीनजवळच्या खाटेवर निजलेल्या तिच्या पोटावर ठेवली. होडी वरखाली होतेय तोवर मशीन चालायचं. होडी थांबली की पायडलवरचा माझा पाय थांबायचा.

"अशानं एक सदरा व्हायला वर्ष लागेल," बायको हसायची, आणि येईल त्याला ही गंमत सांगायची.

आता मशीन लेक चालवते. जेवण झालं की त्याच खाटेवर मी लवंडतो. काल मशीन एकदम गप्प झालं आणि त्या शांततेनंच मला जाग आली. डोळे किलकिले करून बघतो, तर माझ्या पोटावर खाकी होडी. पलीकडे लेकीचा पाय पायडलवर थबकलेला, नजर होडीवर.

"वेडी कुठली!" अगदी ओठांवर आलं होतं. पण मी डोळे मिटून घेतले आणि होडी चांगली डुलेल असा मोठा श्वास घेतला.

मशीन पुन्हा सुरू झालं.