शाळा बंद पडल्याचे पेढे

चिखलीजवळची फादर लोकांची मुलांची तंत्रशाळा बंद पडली, त्या दिवशी रंगरावांनी पेढे आणले. पुण्य त्यांचंच होतं. "फादरच्या शाळेत रंधा धरला की पोरगं बाटते," असं गावोगाव सांगून त्यांनीच ती ओस पाडली होती. ऐटीत ते पेढे देवापुढं ठेवायला गेले, तर बायकोनं सगळे देव ताटात काढून ठेवलेले.

"देव खाली काऊन काढले वं?"

"हा देव्हारा त्याच शाळेतल्या पोरायनं केला ना! तुमीच सांगून करून घेतला होता," अंबूबाई म्हणाल्या. "बाटलेल्या लाकडात देव कसे ठेवू? चुलीत घालू का याले?"

रंगरावांनी देव्हाऱ्यावरच्या कोरीव मोरांवरून हात फिरवला.

"येडी झाली का वं? अस्सल सागवान हाय ते!"