साहेब वाकले आणि रोबो पळाला

शप्पथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी परत तोंडात बसायची नाही!

माशाचं वीर्य पाणी लागेपर्यंत गाढ झोपलेलं असतं, आणि जागं झालं की जेमतेम अर्धं मिनिट पोहतं. त्याला केसाएवढ्या नळीत पाण्यात ढवळून जागं करायला माझ्या नातीने प्रयोगशाळेत धुळीच्या कणाएवढा चुंबकी रोबो केला होता. माशाच्या त्या जातीचा नर एकच उरलेला. त्याच्या वीर्याच्या दोन कुप्या वाया गेलेल्या, ही शेवटची. रोबो नळीतून छान पुढे निघाला. तेवढ्यात मागून तिचे साहेब वाकले, "बघू, बघू!" रोबो गर्रकन वळला आणि नळीच्या कडेला चिकटून बसला. तिसरी कुपीही गेली.

"तुझ्या हाताला गुणच नाही बघ," साहेब म्हणाले.

नात दातओठ खात म्हणाली, "तिन्ही वेळा तुम्हीच वाकलात, साहेब. ती छातीवरची नावाची पट्टी कशाने चिकटलीये?"

साहेबांनी पट्टी ओढली. मागे हे एवढं लोहचुंबक! मान खाली घालून ते म्हणाले, "चूक माझीच, पोरी."

कवळीची काळजी आहे म्हणून सांगते, पट्टी खरी, चुंबक खरं. साहेबांचं ते शेवटचं वाक्य तेवढं माझ्या पदरचं.